आंबट-तिखाची मोरी आणि अकरावीचा जीवशास्त्राचा तास

तेरेखोलकाठ

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. घाटावरच्या वाचकांसाठी आधी खुलासा: इथे मोरी म्हणजे आमच्या किनाऱ्यावर मिळणारा छोटा शार्क. रत्नागिरीकडे तिला मुशी म्हणतात.

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत एक मोरी आहे, मी रुजू झाले त्याच्याही आधीपासूनची. फॉर्मेलीनमध्ये राहून तिचा रंग जुन्या साबणाच्या वडीसारखा झालाय आणि चिठ्ठीवरचं 'स्कोलिओडॉन' हे नाव अर्धं पुसलंय. अकरावीच्या प्रात्यक्षिकात मुलांनी ती ओळखायची, वर्गीकरण लिहायचं, लक्षणं लिहायची: सांगाडा कास्थींचा, कल्ल्यांवर झाकण नाही, शेपटीची वरची पाती मोठी. मुलं लिहितात. पण गेल्या महिन्यात एका मुलाला मी विचारलं, "हा मासा तू घरी पाहिलायस का?" तर म्हणाला, "ना टीचर. ते स्कोलिओडॉन. आमी खातात ती मोरी." या मुलाचे वडील होडीवर जातात.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. प्रिन्सिपलांशी बोलले, पालकांना चिठ्ठी पाठवली, ज्यांना नको असेल त्यांनी वाचनालयात बसावं, गुणांशी याचा काही संबंध नाही, असं स्पष्ट लिहिलं. आणि एका शनिवारी सकाळी बाजारातून दोन मोऱ्या आणल्या. हातभर लांबीच्या, ताज्या, बर्फातल्या.

पहिला अर्धा तास आम्ही सुरी हातात घेतलीच नाही. मुलांना डोळे मिटून बोट फिरवायला सांगितलं. डोक्याकडून शेपटीकडे नेलं तर गुळगुळीत, उलटं नेलं तर पॉलिशपेपर. त्या खरखरीतल्या एकेका कणाची रचना दातासारखी असते, आत गर, त्यावर दंतिन, वर कठीण लेप. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवते. या वर्षी पहिल्यांदाच मुलांनी ते माझ्या आधी एकमेकांना सांगितलं, कारण एकाने तोंड उघडून दात चाचपले होते. मग थुंतरीच्या, म्हणजे नाकाडाच्या, खालची बारीक छिद्रं. दाबलं की जेलीसारखा चिकट थेंब वर येतो. समोरच्या माशाच्या स्नायूंतली अगदी क्षीण वीज मोरीला याच छिद्रांतून कळते. स्टेफानो लोरेन्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आणि ती कशासाठी आहेत हे समजायला विसावं शतक उजाडलं.

पोट उघडलं तेव्हा सगळ्यांना आधी दिसलं ते यकृत. फिकट, दोन लांब पाळ्या, जवळजवळ सगळी पोकळी व्यापणारं. मोरीला इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेलं यकृत तिला पाण्यात हलकं ठेवतं. ते बाजूला केलं की इंग्रजी जे अक्षरासारखं वळलेलं जठर. त्यात अर्धवट पचलेली सुंगटं (कोळंबी) होती, मिशांसकट. वळणाला चिकटून गडद प्लीहा. आणि मग आतडं, जे बघून मुलं थोडी निराश झाली. एवढंसंच? सरळ, जाडसर, वीतभरसुद्धा नाही.

मी ते उभं चिरलं आणि वर्गातला आवाज बंद झाला. आत पातळ पडदा गुंडाळून ठेवलेला. बहुतेक पुस्तकांत शार्कच्या आतड्यात गोल जिना दाखवतात, पण या मोरीत पडद्याची एक कड भिंतीला चिकटलेली असते आणि बाकीचा पडदा स्वतःभोवती वळलेला असतो, चटईची वळकटी करावी तसा. एका मुलीने चिमट्याने ती हळूहळू उलगडली आणि उलगडतच राहिली. आखूड आतड्यात एवढी जागा कशी मावते याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही.

हृदय शोधायला वेळ लागला. ते पोटात नसतं, कल्ल्यांच्या मधोमध, खांद्याच्या कास्थीच्या पुढे एका वेगळ्या कप्प्यात असतं. मागून पुढे एकापुढे एक चार भाग, वळण घेतलेले, आणि सगळ्यांतून जातं ते अशुद्ध रक्त, कारण ते इथून थेट कल्ल्यांकडे निघतं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. दुसरी मोरी मादी होती. पोट उघडताच दोन्ही बाजूंच्या फुगलेल्या नळ्या दिसल्या. बाजारातल्या बाईने मला देताना "हिचे पोटांत पिलां आसात" असं म्हटलं होतं, गडबडीत मी ते नीट ऐकलंच नाही. नऊ पिल्लं निघाली, बोटापेक्षा थोडी लांब, पूर्ण आकाराची, प्रत्येकाला पोटाखालून नाळ. वर्गातल्या एका मुलीला रडू फुटलं. मी तास तिथेच थांबवला. सोमवारी एका पालकांचा फोन आला, त्यांचा सूर रागाचा नव्हता, पण त्यांनी विचारलं, "टीचर, याची गरज होती का?"

मला वाटतं होती. पण जे झालं त्यातलं काय बरोबर, काय चुकीचं, हे मला इथल्या अनुभवी लोकांकडून ऐकायचंय.

---

शाळीग्राम

ताई, तुमचं लिखाण वाचून हाताला पुन्हा तो वास आला.

मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आमचं शिक्षण झालं तेव्हा गोवा विद्यापीठ नव्हतं, ते १९८५ साली सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मोरी हाच मुख्य प्राणी. मेंदूतून निघणाऱ्या नसा म्हणजे परीक्षेतला कळीचा प्रश्न. पाचवी, सातवी, नववी, दहावी नस उघडून दाखवायच्या.

कसं करायचो ते लिहितो, कारण आता हे कुणी करत नाही. डोकं मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी घट्ट बसवायचं. वरची कातडी काढायची. मग स्कालपेल आडवं धरून कवटीची कास्थी तासायची, कोवळ्या शहाळ्याची मलई चमच्याने खरवडतात तशी, एक एक पापुद्रा. घाई केली की पातं आत जातं आणि नस तुटते, आणि तुटलेली नस परत जोडता येत नाही. बाजूची कास्थी दुधी असते, नस तिच्याहून पांढरी, थोडी चमकदार. ती दिसली की तिच्याखालून काळ्या कागदाची पट्टी सरकवायची म्हणजे ती उठून दिसते. डोळ्याच्या खोबणीत सहा स्नायू आणि त्यांना चालवणाऱ्या तीन वेगळ्या नसा. चौथी नस सगळ्यांत बारीक, एकाच स्नायूसाठी आलेली, आणि सगळ्यांत आधी तुटणारी तीच.

भारतात या प्राण्याची पायाभूत पुस्तिका लिहिली ती एका स्त्रीने. ई. एम. तिल्लैयंपलम यांनी, लखनौला, १९२८ मध्ये. भारतीय प्राण्यांवरच्या त्या मालिकेचं संपादन के. एन. बहल यांनी केलं. त्याआधी आपल्याकडची मुलं परदेशी डॉगफिशची पुस्तकं समोर ठेवून आपली मोरी चिरत असत आणि आकृतीशी जुळत नाही म्हणून गोंधळत. आपल्या समुद्रातला, आपल्या बाजारात मिळणारा प्राणी घेऊन त्याचा इंच न् इंच लिहून काढणं हे तेव्हा मोठं काम होतं. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाचं वाक्य वाचून वाटलं, ते काम आपण परत एका बरणीत बंद केलं.

नियमांचं सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये विद्यापीठं आणि कॉलेजांना ते थांबवायला सांगितलं. त्यामागचं कारण मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. बेडकांचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दर वर्षी पोती भरून जिवंत बेडूक यायचे. पण बाजारातून जेवणासाठी आणलेला मासा हा प्रश्न निराळा आहे. तुमची शाळा आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, तरी तुमच्या बोर्डाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी परवानगीवर विसंबू नका.

---

केरीचा_गाबीत

टीचरांनी बाजारातल्या बाईचं वाक्य लिहिलंय, म्हणून लिहितो. माझी आई मासे विकायची, आता वहिनी विकते.

मादी कोणती, नर कोणता, हे आमच्या घरात शाळेत जायच्या आधी कळतं. नराच्या पोटाखालच्या परांना आतल्या बाजूने दोन काठ्या असतात, मादीला नसतात. पिल्लं असली की पोट खालून घट्ट आणि गोल लागतं. तुम्ही पुढच्या वेळी विकणारीला नुसतं सांगा, "पोटाची नको." ती देणारच नाही.

पॉलिशपेपरचं लिहिलंय ते आमच्या चुलीशी रोजचं. मोरीवर उकळतं पाणी ओततात आणि मग सुरीच्या पाठीने किंवा नारळाच्या काथ्याने घासतात, तेव्हा ती वाळू निघते. आई तिला वाळूच म्हणायची. ते दात आहेत हे मला आज कळलं. माझं वय एकेचाळीस.

मोरीला वास का मारतो ते कुणी सांगेल का? बांगडा, तारली शिळी झाली तर कुजल्याचा वास येतो. मोरी थोडी उशिरा आणली तर नाकात झोंबतो, मुतारीसारखा. आणि म्हणूनच तिचं आंबट-तिखच करतात, नारळाच्या दुधातली कढी कुणी करत नाही.

जुन्या होड्यांना आजोबा मोरीच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं, तेल काढून लावायचे. लाकूड पाणी धरत नाही. तेल कढवताना वाड्यावर कुणी थांबत नसे.

---

सुरंगी

मी वेगळं मत मांडते, राग मानू नये.

मी मासे खात नाही, पण माझा मुद्दा तो नाही. समुद्रातल्या शार्कांची संख्या घसरतेय. ही छोटी मोरीसुद्धा जागतिक यादीत 'धोक्याच्या जवळ' या वर्गात आहे. एका वर्गासाठी दोन, ठीक. उद्या शंभर शाळांनी हे केलं तर? आणि नऊ पिल्लांसकट एक मादी गेली, याचं त्या मुलीला रडू आलं, यात तिचं काय चुकलं? मला तिचं रडणं त्या तासातली सगळ्यांत खरी गोष्ट वाटते.

आज संगणकावर त्रिमितीत सगळं दिसतं. नस तुटत नाही, वास येत नाही, कुणी रडत नाही. मग खऱ्या प्राण्याचा हट्ट का?

---

तेरेखोलकाठ

सुरंगीताई, राग कशाचा, हेच ऐकायला धागा काढला.

त्या मुलीशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. ती म्हणाली, "टीचर, मला वाईट वाटलं, पण मला परत बघायचंय. मला वाटायचं मासे सगळे अंडीच घालतात." ती परत आली आणि तिने नाळेचं चित्र काढलं, जे माझ्या वहीत आता जपून आहे. तिच्या रडण्यात चूक होती असं मी कुठेही म्हणणार नाही. चूक माझी होती, मी बाजारात नीट ऐकलं नाही.

संगणकाबद्दल मात्र मी सहमत नाही. मुलांना ती चित्रं मी आधी दाखवली होती. त्यात सगळे अवयव वेगवेगळ्या रंगांत असतात, यकृत तपकिरी, जठर गुलाबी. प्रत्यक्षात सगळं फिकट आणि एकमेकांना चिकटलेलं. काय संपतं आणि काय सुरू होतं हे बोटांनी शोधावं लागतं. ते शोधणं मला शिकवायचंय. 'नस तुटत नाही' हे तुम्ही फायदा म्हणून लिहिलंत, मला तो तोटा वाटतो. तुटू शकते म्हणूनच हात सावकाश चालतो.

संख्येचा मुद्दा मात्र मला टोचला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

बांबोळी_सर्जन

संख्येबद्दल मी बोलू शकत नाही, पण हट्टाबद्दल बोलतो.

मी गळ्याच्या शस्त्रक्रिया करतो. थायरॉइड काढताना आम्हाला एका नसेची सगळ्यांत जास्त धास्ती असते, आवाजाच्या नसेची. ती दहाव्या नसेची शाखा. मेंदूतून निघालेली दहावी नस गळ्यातून छातीत उतरते, तिथे डाव्या बाजूची ही शाखा महाधमनीला खालून वळसा घालते आणि परत वर स्वरयंत्राकडे येते. वितभराच्या कामासाठी एवढा फेरा. दुखावली तर माणसाचा आवाज जातो.

वैद्यकीय अभ्यासात आम्ही हा फेरा पाठ करतो. मला तो कळला होता आधीच, बारावीनंतर एका काकांच्या घरी मोरीचं डोकं तासताना. मोरीत दहावी नस मागच्या कल्ल्यांना एकेक फांदी देत पुढे हृदय-जठराकडे जाते. सरळ रस्ता, प्रत्येक फांदी आपापल्या रक्तवाहिनीच्या मागून. आपल्या गर्भातही सुरुवातीला कल्ल्यांच्या रक्तवाहिन्यांसारख्याच कमानी असतात. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं, आणि कमानीच्या मागे अडकलेली ती फांदी हृदयाबरोबर खाली ओढली जाते. आमच्या घशातला तो फेरा म्हणजे कल्ल्यांची राहिलेली खूण.

गेल्या आठवड्यात एका बाईंच्या गळ्यात ती नस शोधत होतो. पांढरी, किंचित चमकणारी, शाळीग्राम सरांनी लिहिलीय तशीच. काळा कागद तेवढा नव्हता.

---

दोनापावला_वारा

मी सागरी जीवशास्त्रात काम करते. तीन गोष्टी लिहिते, जरा लांबेल.

पहिली, गाबीतदादांच्या वासाबद्दल. समुद्राचं पाणी खारट, त्यामुळे माशाच्या शरीरातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. हाडांचे मासे समुद्राचं पाणी पिऊन मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. मोरीने दुसरा उपाय काढला. आपण लघवीतून टाकतो तो युरिया ती रक्तात साठवून ठेवते, रक्ताच्या दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आत-बाहेर समतोल राहतो. आपल्या रक्तात एवढा युरिया झाला तर आपण जगणार नाही. मोरीच्या रक्तात आणखी एक द्रव्य असतं, जे प्रथिनांना युरियापासून वाचवतं. जास्तीचं मीठ गुदाशयाजवळच्या बोटासारख्या ग्रंथीतून बाहेर जातं. ती ग्रंथी टीचरांच्या वर्गाने पाहिली असेल, नसेल तर पुढच्या वेळी नक्की पाहा. मासा मेला की जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, तोच झोंबणारा वास. आणि अमोनियाला मारतं आम्ल. तुमच्या आईचं भिरंडाचं सोल (आमसूल) आणि चिंच रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. आंबट-तिख हे नाव ठेवणाऱ्यांना हे माहीत होतं, फक्त त्यांनी ते समीकरणात लिहिलं नाही.

दुसरी, पिल्लांबद्दल. टीचर, तुमच्या वर्गाला जे दिसलं ते फार थोड्यांना दिसतं, त्यामुळे सविस्तर सांगते. बहुतेक शार्कांचं अंडं मोठं, बलकाने भरलेलं असतं. आपल्या मोरीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, ज्ञात शार्कांत सगळ्यांत लहान. त्यात पिल्लाला पुरेल असा बलक नसतोच. म्हणून गर्भ फार लवकर आईच्या गर्भाशयाला चिकटतो, वार तयार होते, आणि नाळेतून पोसला जातो. जन्मताना पिल्लू बारा ते पंधरा सेंटिमीटर असतं. म्हणजे मिलिमीटरभर अंड्यातून वीतभर पिल्लू, सगळं आईच्या रक्तावर.

अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं की काही शार्कांची पिल्लं चतुष्पाद प्राण्यांसारखी नाळेने आईला जोडलेली असतात. दोन हजार वर्षं यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. जर्मनीच्या योहानेस म्यूलर यांनी १८४० च्या सुमारास दुसऱ्या एका जातीवर ते पुन्हा तपासून सिद्ध केलं. आणि हेच म्यूलर, सहकारी हेन्ले यांच्याबरोबर, १८३८ मध्ये आपल्या मोरीला स्कोलिओडॉन लॅटिकॉडस हे नाव देणारे.

तिसरी गोष्ट सुरंगीताईंच्या बाजूने. बाजारात 'मोरी' म्हणून जे मिळतं ते सगळं एकच जातीचं नसतं. खरी स्कोलिओडॉन क्वचितच पाऊण मीटरच्या वर जाते. थुंतरी चपटी, फावड्यासारखी. पाठीवरचा दुसरा पर अगदी छोटा आणि पोटाकडचा गुदपर जिथे सुरू होतो त्याच्या बराच मागे सुरू होणारा. त्याच टोपलीत मोठ्या जातींची बाळं असतात. परांची टोकं काळी दिसली तर ते मोठ्या शार्काचं पिल्लू. आणि कानमुशीची पिल्लं, हातोड्यासारख्या डोक्याची, मी पणजीजवळच्या मालीम जेटीवर अनेकदा पाहिली आहेत. कानमुशींची मोठी जात आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. ती शाळेत आणू नका, घरीही आणू नका. शिवाय २०२२ च्या नोव्हेंबरात पनामात झालेल्या साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा जागतिक करार) परिषदेत स्कोलिओडॉनचं अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत गेलं. त्याने स्थानिक बाजार बंद होत नाही, पण काळजी कुठवर पोचली ते कळतं.

मोऱ्या मुद्दाम पकडायला सहसा कुणी जात नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर येतात. त्यामुळे वर्गासाठी दोन घेतल्या म्हणून समुद्रातल्या दोन कमी झाल्या, असं सरळ गणित मांडता येत नाही. पण मागणी वाढली तर ती मुद्दाम आणली जाईल हेही खरं.

---

म्हापसेकर

एक काळजीचा प्रश्न. २०१८ च्या जुलैत माशांत फॉर्मेलीन सापडल्याच्या बातमीने अख्खा गोवा हादरला होता. सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदीही घातली. आमच्या घरी दोन महिने मासे आले नाहीत, गोव्यात राहून. त्याच फॉर्मेलीनच्या बरण्या शाळेत मुलांच्या हातात कशा देतात?

---

शाळीग्राम

प्रश्न रास्त आहे. फॉर्मेलीनमधलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे. आमच्या काळी जपलेल्या मोऱ्या आदल्या रात्री नळाखाली सोडायचो, तरी सकाळी डोळ्यांतून पाणी यायचं. मुलं हातमोज्यांशिवाय तीन-तीन तास त्यावर वाकलेली असत. आज मी तसं करू देणार नाही. बरणी बंदच राहू दे, फक्त बघायला. चिरायचं तर बर्फातली ताजी, उघड्या खिडक्यांत, आणि संपलं की साबणाने कोपरापर्यंत हात. ताज्या मोरीत कल्ले रक्ताचे, सगळं खऱ्या रंगात दिसतं हा वरचा लाभ. एवढंच की ताजी दिवसभर टिकत नाही, नसांचं काम एका बैठकीत संपवावं लागतं.

---

केरीचा_गाबीत

दोनापावलाताईंचं वाचून दाखवलं वहिनीला. तिने एक गोष्ट सांगितली, ती लिहितो.

मोरीचं डोकं आमच्याकडे बहुतेक गिऱ्हाइकं नेत नाहीत. कापून द्या म्हणतात, डोकं आणि आतडी टोपलीच्या बाजूला राहतात, संध्याकाळी मांजरांना किंवा माडाच्या मुळाशी. टीचरांना मेंदू, नसा, आतडं हेच बघायचं तर अख्खी मोरी कशाला विकत घ्यायची? शनिवारी सकाळी वहिनी डोकी बाजूला ठेवेल. पैसे नकोत. फक्त बर्फ आणि डबा तुमचा.

---

सुरंगी

गाबीतदादा, हे मी सुचवायला हवं होतं. यावर माझा काहीच आक्षेप नाही.

टीचर, मुलांना रडू आलं तर येऊ दे, पण त्यांना निघून जायची मुभा असू दे. तुम्ही ती दिलीतच, म्हणून हे फक्त पाठिंबा म्हणून लिहितेय.

---

तेरेखोलकाठ

उशिरा लिहितेय, क्षमस्व. बोर्डाला पत्र पाठवलं, उत्तर आलं, हरकत नाही असं. मग काल वहिनींकडून पाच डोकी आणि दोन आतडी आणली. घेताना त्यांनी पाचही डोक्यांच्या थुंतऱ्या मला दाखवल्या, "सगळी तीच, बघून घ्या." एकही कानमुशी नाही, एकही काळ्या टोकाची नाही.

पालकांना फोनवर सगळं सांगितलं, ज्यांनी गरजेचं विचारलं होतं त्यांनाही. ते म्हणाले, "मग मुलीला पाठवतो."

बारा मुलं आली. शाळीग्राम सरांनी लिहिलेलं मी मोठ्याने वाचून दाखवलं, मग तासायला बसलो. पहिल्या दोन डोक्यांत डोळ्याच्या खोबणीतली चौथी नस तुटली. तिसऱ्यात राहिली. काळ्या कागदाऐवजी एका मुलाने पाटीचा तुटलेला तुकडा आणला होता, तो फार छान चालला, ओल्याने वाकत नाही.

होडीवर जाणाऱ्यांच्या मुलाने डोक्याच्या वरच्या बाजूला मध्यभागी दोन टाचणीएवढी छिद्रं शोधली. बरणीतल्या मोरीवर ती मला कधी दिसली नव्हती. तिथून त्याने केस सरकवला आणि तो खाली कानाच्या पोकळीकडे गेला. बाजूची कास्थी तासली तेव्हा आतून पारदर्शक नळ्यांची तीन वळणं बाहेर आली, कडबोळ्यांसारखी. "म्हणजे ती बाहेरच्या समुद्राला जोडलेली आहे?" त्याने विचारलं. "कान आतच आहे, पण नळी उघडी?" मी हो म्हटलं. मग त्याने वहीत शीर्षक लिहिलं: मोरीचा कान.

आतड्याच्या वळकटीत पांढरे फितीसारखे जंत निघाले. ते कोणते, हे दोनापावलाताईंना विचारायचंय. एका छोट्या बाटलीत मिठाच्या पाण्यात ठेवलेत, जास्त दिवस टिकणार नाहीत. आणि शाळीग्राम सर, पुढच्या शनिवारी दुपारी तीनला आम्ही नववी नस करतोय. पणजीहून बसने यायला दीड तास लागेल. येता का?

---

शाळीग्राम

येतो. माझी स्कालपेलची पेटी अजून आहे, धार लावून आणतो. मुलांना सांगा, नखं कापून यायचं.